एक्केचाळीसची आई

"जे केलंस ते लिही, शुभदा. जे करायला हवं होतं ते लिहू नकोस."

औरादकर सरांचा आवाज मला अजून असाच ऐकू येतो. चष्मा कपाळावर सरकवलेला, बोट नोंदवहीच्या कोऱ्या ओळीवर. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं. बाकीचं काम बापूराव शिकवतील, म्हणाले.

बापूराव सुरवसे आमचे शेतावरचे सगळ्यात जुने माणूस. औशाच्या पुढे सोनमाळ म्हणून खडकाळ माळ आहे, तिथे सरांनी जगभरातून जमवलेल्या वन्य सूर्यफुलांचा संग्रह उभा केला होता. शेतात दिसतं ते ताटाएवढं फूल म्हणजे माणसाने वाढवलेलं लाडकं लेकरू. त्याची रानटी भावंडं वेगळी. कुणी वाळूत वाढतं, कुणी खाऱ्या पाण्याकाठी. फूल रुपयाएवढं आणि अंगावर काटेरी लव. सरांनी त्यांना घरगुती नावं दिली होती. वाळूत वाढतं ते वाळूफूल. ज्याच्या पानांवर रेशमासारखी पांढरी लव असते, ते रुपेरी. सहाशे वीस पाकिटं, सहाशे वीस ओळी, आणि त्यातल्या निम्म्याअधिक ओळी माझ्या अक्षरातल्या.

माझा एक नेम आहे, तो इथे सांगणं भाग आहे. सकाळी सूर्याचं दर्शन घेऊन अर्घ्य दिल्याशिवाय मी बोलत नाही. आभाळ भरलेलं असलं तर दर्शन होईपर्यंत, आणि दिवसभर झालंच नाही तर दिवस मावळेपर्यंत मौन. सासूबाईंनी हा नेम मला दिला आणि तो मी जिवापाड सांभाळला. शेतावर सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाळ्यात बापूराव म्हणायचे, "आज ताईंचं तोंड ढगात हाय. खुणंनं इचारा."

हसायचे सगळे. मीही हसायचे, आवाज न करता.

*

२०४४ साली, माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना, मराठवाड्यात सूर्यफूल राहील की नाही असा प्रश्न उभा राहिला. केवडा हा रोग आम्हाला जुनाच. पान पिवळट पडतं, पानाखाली पांढरी बुरशी धरते, झाड खुजं राहतं. पण या वेळचा केवडा नवा होता. पेरणीनंतर वीस दिवसांत शेतंच्या शेतं बसत होती. कुठलंही औषध चालत नव्हतं आणि बाजारातलं एकही वाण टिकत नव्हतं.

टिकला तो फक्त आमचा एक्केचाळीस नंबर. वन्य आई आणि शेतातल्या सूर्यफुलाचा पराग यांच्या संकरातून आलेला वाण. तोही पुरता निरोगी नव्हता. पिवळा पडायचा, कमरेएवढाच वाढायचा, पण मरत नव्हता. त्याच्या वन्य पूर्वजाकडे याहून मोठी ताकद असणार, इतक्या पिढ्यांत ती अर्धीमुर्धी होऊन उतरली असणार, एवढं उघड होतं. तो पूर्वज शोधला तर नवं वाण बांधता येणार होतं.

आमच्या प्रमुख डॉ. स्वरा बिडवे. वय चौतीस, चालणं धावल्यासारखं. मला ऑफिसातही काकूच म्हणायच्या. त्यांनी वंशदर्शक नावाचं यंत्र आणलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं. टिकलीएवढा पानाचा तुकडा आत ठेवायचा, चाळीस मिनिटांत ते त्या झाडाचं सगळं गोत्र पडद्यावर काढून दाखवतं. बातमी गावात पसरली तेव्हा एक गृहस्थ स्वतःच्या डोक्यावरचे चार केस घेऊन आले होते. भावाशी भांडण होतं, आपण खरोखर एका बापाचे का, ते बघायचं होतं. स्वरा मॅडमनी गंभीर चेहऱ्याने यंत्र दाखवलं आणि म्हणाल्या, "काका, हे एवढंच सांगेल की तुम्ही सूर्यफूल नाही." गृहस्थ म्हणाले, "ते मला बायको रोज सांगती."

पण यंत्र काय करतं, ते त्यांनी मला फार छान समजावलं होतं. प्रत्येक पेशीत चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर असतो. आईबापांकडून तो लेकरांत उतरवला जातो, आणि उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. एकदा चुकलं की पुढचे सगळे वंशज तीच चूक इमानाने उतरवत राहतात. म्हणून दोन झाडांच्या मजकुरात तीच चूक त्याच जागी सापडली, की समजायचं, यांचा पूर्वज एक. जितक्या चुका सामाईक, तितकं नातं जवळचं.

"म्हणजे चुकांवरून नातं कळतं," मी म्हटलं होतं.

"चुकांवरूनच कळतं. सगळ्यांनी बिनचूक उतरवलं असतं तर कोण कुणाचं, ते कधीच कळलं नसतं."

सूर्यफुलांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. त्यांचा वंशवृक्ष नीट फांद्याफांद्यांचा नाही. वेगळ्या झालेल्या फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळतात. दोन वन्य जातींच्या मिसळण्यातून कठीण जागी तगणाऱ्या तीन नव्या जाती जन्मल्या आहेत, वेगवेगळ्या काळी. अशा वेळी माग काढायचा तर पानातल्या हिरव्या कणांकडे बघायचं. त्या कणांचा स्वतःचा छोटासा मजकूर असतो आणि तो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात शब्द नाही. झाड कितीही मिसळलेलं असो, हिरवा कण त्याचं आजोळ सांगतोच.

एके दिवशी एक्केचाळीसच्या पानाचा तुकडा यंत्रात ठेवला. नोंदवहीप्रमाणे त्याची आई वाळूफूल. चाळीस मिनिटांनी पडद्यावर नाव आलं ते दुसऱ्याच फांदीवर. आई, रुपेरी. संग्रहातल्या तपासलेल्या चौदा रुपेरींपैकी कुणीही नाही; त्यांची जवळची, पण वेगळी.

मॅडमनी तीनदा तपासलं. मग नोंदवही मागवली.

"काकू, अक्षर तुमचंय."

"हो."

"बियांच्या पिशव्यांची लेबलं कोण बांधायचं तेव्हा?"

"बापूराव," मी म्हटलं.

ते खरं होतं. पण पुरतं खरं नव्हतं.

*

तीन दिवसांनी मॅडमनी अहवालाचा मसुदा मला वाचायला दिला. पुण्याहून समिती ठरवणार होती, सोनमाळचा संग्रह मोठ्या शीतगृहात न्यायचा की बंद करायचा. आमच्या शीतखोलीची मुदत संपत आली होती. बंद म्हणजे सहाशे वीस पाकिटं जाळून टाकायची. मसुद्यात लिहिलं होतं: 'क्र. ४१ची नोंद चुकीची. संभाव्य कारण, शेतमजूर बापूराव सुरवसे यांचा निष्काळजीपणा. बाहेरचं बी मिसळलं असण्याची शक्यता. संग्रहातील इतर नोंदीही विश्वासार्ह मानता येणार नाहीत.'

"मलाही वाईट वाटतंय, काकू. पण आई कोण तेच माहीत नाही म्हटल्यावर मी काय सांगू त्यांना? सोमवारी आठ वाजता पाठवायचाय."

"न तपासलेली रुपेरी आहेत ना? लहान पाकिटं?"

"नऊ आहेत. वीसच्या आत बी असलेलं पाकीट फोडायचं नाही, हा तुमच्या सरांचाच नियम. पान हवं तर बी रुजवावं लागणार, ते नाही रुजलं तर ती जातच संपली. नुसत्या अंदाजावर नऊ पाकिटं फोडू?"

माझ्याकडे उत्तर होतं. सत्तावीस वर्षं होतं.

ते घडलं तेव्हा फेब्रुवारी होता आणि तीन दिवस अवकाळीचं आभाळ होतं. त्या हंगामात सरांनी दोन संकर केले होते. एक वाळूफूल आईचा, क्रमांक एक्केचाळीस. दुसरा रुपेरी आईचा, क्रमांक सत्तेचाळीस. ते रुपेरी बी परदेशातल्या एका मित्राने लिफाफ्यात घालून पाठवलं होतं, जेमतेम चिमूटभर. दोन्ही संकरांची वाळलेली फुलं मलमलच्या पिशव्यांत भरून पडवीत दोरीला टांगली होती. सकाळी वावटळ आली आणि दोन्ही पिशव्यांची लेबलं तुटून फरशीवर पडली. वाळल्यावर सगळी फुलं सारखीच काळपट दिसतात.

बापूरावांनी लेबलं उचलली. एक या पिशवीला लावून बघितलं, एक त्या. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटत होतं की उलट होतंय. खात्री नव्हती, पण वाटत होतं. सूर्य दिसला नव्हता, मी मौनात होते. मी खाली बघितलं. त्यांनी गाठी मारल्या.

संध्याकाळी दिवस मावळला आणि मौन सुटलं. सर बाहेरगावहून आले होते, खुशीत होते. "सगळं ठीक ना गं?" त्यांनी विचारलं. शंका आहे म्हटलं असतं तर दोन्ही पिशव्या फेकाव्या लागल्या असत्या, वर्षाचं काम गेलं असतं. मी म्हटलं, "हो सर." आणि वहीत जे व्हायला हवं होतं ते लिहिलं.

पुढे एक्केचाळीसच्या पोटी चांगली रोपं आली, सत्तेचाळीस टाकून दिला गेला. सर गेले. मी वरच्या पदावर गेले. आणि मूळ रुपेरीचं उरलेलं बी एका पाकिटात पडून राहिलं. निकामी ठरलेल्या सत्तेचाळीसची आई म्हणून त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

*

रविवारी मी बापूरावांच्या घरी गेले. त्यांचं गाव माळ उतरून तीन किलोमीटरवर. सत्त्याहत्तर वर्षांचे झालेत, दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली. ओट्यावर बसून सून निवडत होती त्या शेंगा नुसत्या हाताने चाचपून वेगळ्या करत होते.

"कोन?"

"मी, शुभदा."

"ताई! आज ऊन पडलंय म्हनायचं." ते मोकळं हसले. "ए सुनबाई, च्या टाक. बिनसाखरंचा न्हाई, ताई गोड पितात."

चहा झाला. मग मी सांगितलं, सगळं. वावटळ, लेबलं, अहवालात त्यांचं नाव. ते शेंगा चाचपत राहिले.

"याद हाय की," ते म्हणाले. "माज्या बी मनात पाल चुकचुकली व्हती. म्हनून तर तुमच्याकडं बगितलं. तुमी काय हात हलवला न्हाई, मान हलवली न्हाई. म्या म्हनलं, ताई बगायलीय, चुकलं आसतं तर टाळी वाजवून आडवलं आसतं. आन् ताई लिवनार हाय. मग म्या कामून काळजी करू?"

तो दिवस माझ्या मनात नेहमी माझ्या मौनाचा होता. त्यांच्या मनात तो माझ्या होकाराचा होता.

"बापूराव, माझं चुकलं."

"चुकलंच," ते सरळ म्हणाले. "पर तुमी आज आलात. दुसऱ्या कुनी सांगितलं आसतं तर कडू झालं आसतं." मग म्हणाले, "त्ये रुपेरी. त्येचं पान लई ग्वाड व्हतं हो हाताला. नव्या वासराच्या कानावानी. आता डोळ्यानं तर दिसनार न्हाई. पुन्यांदा उगवलं तर एकदा हाताला लागू द्या."

"आणीन," मी म्हटलं. "स्वतः घेऊन येईन."

"ढग आसलं तरी?" त्यांनी विचारलं आणि सुनेच्या दिशेने तोंड करून हसले.

*

सोमवारी ढग होते. आषाढातलं जाड आभाळ, फट नाही. सकाळी सात वाजता मी तांब्या भरून ओसरीत उभी होते. साडेसात झाले. काही उजळलं नाही.

कागदावर लिहून देता आलं असतं. मौनात लिहायला कधीच मनाई नव्हती. तेव्हाही नव्हती. तेव्हा खूण करता आली असती, लेबल हातातून काढून घेता आलं असतं. देवाने मला गप्प बसवलं नव्हतं, मीच देवाच्या आड उभी राहिले होते. हे तांब्यातल्या पाण्याकडे बघताना मला इतकं स्वच्छ दिसलं की मी तांब्या तुळशीपाशी ठेवला, हात जोडले आणि ऑफिसकडे निघाले. लिहून देणार नव्हते. लिहूनच एकदा खोटं बोलले होते.

मॅडम संगणकासमोर होत्या. आठला सात मिनिटं कमी होती.

"मॅडम, अहवाल पाठवू नका."

त्या दचकल्या. आधी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काकू? तुम्ही बोलताय? अजून ऊन..."

"बापूरावांची चूक नाही. लेबलं माझ्यासमोर बदलली. मला शंका होती आणि मी गप्प राहिले. एक्केचाळीसची आई सत्तेचाळीसच्या ओळीत आहे. नऊ पाकिटं फोडू नका. एकच फोडा."

मॅडम उठल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याशी आवाज चढवून बोलल्या. "एका म्हाताऱ्या माणसाचं नाव मी सही करून पाठवणार होते, काकू! तीन दिवस तुम्ही मसुदा वाचून परत देताय, त्यात काना-मात्रा दुरुस्त करून देताय!"

"हो."

"मी तुमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते!"

"हो," मी पुन्हा म्हटलं.

त्यांनी डोळे पुसले, समितीला फोन करून दहा दिवस मागून घेतले आणि शीतखोलीची किल्ली उचलली.

पाकिटात सतरा बिया निघाल्या. सरांच्या अक्षरात वर तारीख होती. मॅडमनी आठ राखून ठेवल्या आणि नऊ घेतल्या. टोकाचं टरफल खरवडून, ओल्या कागदावर ठेवून आम्ही पेटी बंद केली. त्या दिवशी दुपारी दीडला ढग फाटले, तेव्हा मी अर्घ्य दिलं. नेम मोडल्याबद्दल काय मागावं, ते सुचेना. नुसती उभी राहिले.

चौथ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. मॅडम दर तासाला पेटी उघडायच्या. मी म्हटलं, "सारखं झाकण काढून कसं रुजेल?" त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्याशी बोलू नका." पण म्हणताना त्यांचा राग निम्मा उतरला होता. सातव्या दिवशी एका बीमधून पांढरा मोड बाहेर आला, आणि दहाव्या दिवसापर्यंत नवांपैकी पाच रुजल्या.

पहिल्या पानाचा तुकडा यंत्रात ठेवला, तेव्हा आम्ही दोघी स्टुलावर शेजारी शेजारी बसलो होतो. चाळीस मिनिटं. पडद्यावर रेघ हळूहळू सरकत गेली, रुपेरीच्या फांदीवर आली, एक्केचाळीसच्या अगदी मुळाशी जाऊन टेकली. प्रत्येक चूक जिथल्या तिथे. एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

"सापडली," मॅडम म्हणाल्या. "आई सापडली."

केवड्याची परीक्षा बाकी होती. चार रोपं दमट पेटीत ठेवून त्यांवर नव्या केवड्याचे बीजाणू सोडले, शेजारी बाजारातल्या वाणाची चार रोपं. बाराव्या दिवशी बाजारातली चारही पिवळी, पानाखाली पांढरी बुरशी. रुपेरीच्या पानाखालीही पांढरं होतं. मॅडमनी भिंग लावलं आणि फिसकन हसल्या. "लव आहे काकू. त्यांची स्वतःची लव."

नवं वाण तयार व्हायला पाच-सहा वर्षं लागतील. तोवर मी इथे नसेन. समितीने आणखी वीस पाकिटं नोंदवहीशी ताडून बघितली. एकोणीस जुळली, एक जुळलं नाही, आणि ते कुणाच्या हातून झालं ते आता कधीच कळणार नाही. संग्रह मोठ्या शीतगृहात जातो आहे. माझा निरोप समारंभ रद्द झाला आणि चौकशीचं पत्र आलं, तेही रास्तच. पत्राचं उत्तर देण्याआधी मी जुनी नोंदवही काढली आणि एक्केचाळीसच्या ओळीखाली लाल शाईने लिहिलं: 'लेबले वाऱ्याने पडली. बापूराव सुरवसे यांनी माझ्यासमोर बांधली व माझ्याकडे पाहिले. मला शंका होती. मी सांगितले नाही. वरील नोंद माझी व खोटी आहे.' खाली सही केली. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.

पाचवं रोप रोगाच्या पेटीत ठेवलं नव्हतं. भाद्रपदात त्याला सहा पानं आली, चांदीचं पाणी दिल्यासारखी.

आज पहाटे मी ते कुंडीसकट गोणपाटाच्या पिशवीत ठेवलं. मॅडमनी काल परवानगीवर सही केली होती. गाडी पाठवते म्हणाल्या, मी नको म्हटलं. फाटकावरच्या वहीत लिहिलं: 'रोप एक, रुपेरी, क्र. ४१ची आई. बापूराव सुरवसे यांच्या हाताला लावण्यासाठी. संध्याकाळी परत.' रखवालदाराने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता फाटक उघडलं.

आभाळ भरलेलं आहे. दुसऱ्या हातात तांब्या आहे. वाटेत कुठे सूर्य दिसला तर तिथेच देईन. रोपाला वारा लागू नये म्हणून मी पदर आडवा धरला आणि माळाच्या उतरणीला लागले.